एन५७० आणि सी-५० : साडेआठ वॅटचा हिशेब

माझ्याकडे दहा इंची पडद्याची दोन नेटबुके आहेत आणि एसएसडी मात्र एकच शिल्लक आहे. ती कोणत्या नेटबुकात कायमची बसवावी, या अगदी साध्या प्रश्नातून हा लेख निघाला. एका यंत्रात इंटेलचा ॲटम एन५७० आहे, दुसऱ्यात एएमडीचा सी-५०. दोन्ही प्रोसेसर २०११ सालच्या पहिल्या तिमाहीत बाजारात आले, दोन्ही मदरबोर्डावर कायमचे सोल्डर केलेले असतात, म्हणजे पुढेमागे बदलण्याची सोय नाही, आणि दोन्ही एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकासाठी बनवलेले होते : ज्याला वजनाने हलके, बॅटरीवर बराच वेळ चालणारे आणि फार काही न मागणारे यंत्र हवे आहे असे गिऱ्हाईक. एकाच कामासाठी, एकाच काळात आणि जवळजवळ एकाच वीजमर्यादेत राहून दोन कंपन्यांनी इतकी वेगवेगळी उत्तरे काढावीत, हे मला आजही कुतूहलाचे वाटते.

कागदावरची माहिती आधी पाहू. एन५७०मध्ये दोन कोअर आहेत, प्रत्येक कोअर हायपर-थ्रेडिंगमुळे दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन धागे, एकदम चालवतो, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिमला चार प्रोसेसर दिसतात. क्लॉक १.६६ गिगाहर्ट्झ, एल२ कॅश (कोअरजवळची छोटी, वेगवान मेमरी) एकूण १ एमबी, निर्मिती ४५ नॅनोमीटर तंत्राने आणि टीडीपी, म्हणजे चिपच्या उष्णतेची धरलेली मर्यादा, ८.५ वॅट. सी-५०मध्येही दोनच कोअर आहेत, पण हायपर-थ्रेडिंगसारखी सोय नाही. क्लॉक फक्त १ गिगाहर्ट्झ, एल२ कॅश प्रत्येक कोअरला ५१२ केबी म्हणजे एकूण तेवढीच, निर्मिती टीएसएमसीच्या ४० नॅनोमीटर तंत्राने आणि टीडीपी ९ वॅट. मेमरी कंट्रोलर आणि ग्राफिक्स दोघांच्याही चिपमध्येच सामावलेले आहेत, म्हणून वॅटच्या या दोन आकड्यांची तुलना बऱ्यापैकी न्याय्य ठरते. दुकानातल्या चिठ्ठीवर हे आकडे शेजारी शेजारी ठेवले असते, तर कोणीही ॲटमच उचलला असता : क्लॉक दीडपटीहून अधिक, थ्रेड दुप्पट आणि वीज अर्धा वॅट कमी. मीही त्या वेळी पहिले यंत्र घेताना हाच विचार केला होता.

ॲटमच्या वंशावळीकडे थोडे पाहिले पाहिजे, कारण एन५७०चे गुणदोष तिथूनच आलेले आहेत. नेटबुक हा प्रकार ज्या चिपमुळे घराघरांत पोहोचला ती एन२७०, २००८ सालची. तिचा टीडीपी अवघा २.५ वॅट होता आणि जाहिरातीत तोच आकडा मिरवला जाई. मात्र तिच्या शेजारी बसवलेला ९४५जीएसई हा चिपसेट (मेमरी, ग्राफिक्स वगैरे सांभाळणारी जोडचिप) जुन्या पिढीतला होता आणि तो प्रोसेसरपेक्षा जास्त वीज खात असे. नोकर मालकापेक्षा जास्त जेवतो, असा तो संसार होता. पुढच्या पाइनव्ह्यू पिढीत, म्हणजे २०१०च्या सुमारास, इंटेलने ग्राफिक्स आणि मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्याच चिपमध्ये आणले. त्यामुळे चिपचा स्वतःचा टीडीपी वाढलेला दिसला, तरी सगळ्या यंत्राची एकूण भूक कमी झाली. एन५७० हा याच पिढीतला दोन कोअरचा मोठा भाऊ. आतला कोअर मात्र २००८ साली आलेल्या बॉनेल रचनेचाच राहिला.

एएमडी या खेळात उशिरा उतरली, पण बॉबकॅट हा कोअर तिने कोऱ्या कागदावर आखला. त्याची रचना ऑगस्ट २०१०मध्ये हॉट चिप्स परिषदेत मांडली गेली आणि जानेवारी २०११मध्ये त्यावर आधारलेल्या चिपा आल्या. त्यात ९ वॅटची ऑन्टारिओ मालिका होती आणि १८ वॅटची झकाटे मालिका. ई-३५० हा १.६ गिगाहर्ट्झचा झकाटे जास्त गाजला, आणि नेटवर बॉबकॅटची जी स्तुती वाचायला मिळते ती बहुतेक त्याचीच असते. सी-५० हा त्याचाच कमी क्लॉकवर चालवलेला भाऊ आहे. ई-३५०ची कौतुके वाचून सी-५० घेतलेल्या अनेकांचा हिरमोड झाला असणार. दोघांच्या क्लॉकमधले अंतर लहान नाही.

आता मुख्य मुद्दा. एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर १.६६ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरपुढे टिकाव तरी कसा धरतो? बॉनेल हा इन-ऑर्डर कोअर आहे, म्हणजे प्रोग्रॅममध्ये सूचना ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने तो त्या पार पाडतो. बॉबकॅट हा आउट-ऑफ-ऑर्डर कोअर आहे, म्हणजे ज्या सूचनांची सामग्री तयार असेल त्या तो आधी उरकून घेतो. क्लॉकच्या एका टिकेत जास्तीत जास्त दोन सूचना घेण्याची क्षमता दोघांचीही सारखीच आहे, त्यामुळे फरक पडतो तो केवळ वाट पाहण्याच्या पद्धतीत.

एखाद्या कार्यालयातली खिडकी डोळ्यांसमोर आणावी. रांगेतला पहिला माणूस एक कागद विसरला आहे आणि तो आणायला त्याने कोणाला तरी पाठवले आहे. इन-ऑर्डर कारकून हाताची घडी घालून बसून राहतो. मागच्या दहा जणांचे कागद पूर्ण असले तरी त्यांना तो हात लावत नाही. आउट-ऑफ-ऑर्डर कारकून मागच्यांचे कागद मागवून तपासून ठेवतो आणि पहिल्याचा कागद आला की सगळ्यांच्या पावत्या मूळ क्रमानेच देतो, म्हणजे बाहेरून पाहणाऱ्याला रांग मोडल्याचे कळतही नाही. हा दुसरा कारकून महाग पडतो. कोणाचे काय तपासून झाले, कोणाच्या पावत्या थांबवायच्या आहेत, याची वही त्याला सतत सांभाळावी लागते, आणि ती वही म्हणजेच चिपवरची जागा आणि वीज. २००८ साली इंटेलने हिशेब असा केला की या वहीचा खर्च वाचवावा आणि त्या बदल्यात कारकुनाला भरभर हात चालवायला सांगावे.

इंटेलच्या अभियंत्यांना हाताची घडी दिसत नव्हती असे मुळीच नाही. हायपर-थ्रेडिंग हे त्यावरचेच उत्तर होते : त्याच कारकुनासमोर दोन रांगा लावायच्या, म्हणजे एक रांग अडली की तो दुसरीकडे वळतो. मोठ्या प्रोसेसरांत हायपर-थ्रेडिंगचा फायदा बेताचाच दिसतो, कारण तिथला कोअर मुळातच फारसा रिकामा बसत नाही. ॲटमला मात्र ते खऱ्या अर्थाने लाभते. पण यात एक अट दडलेली आहे. दुसऱ्या रांगेत माणसे असली पाहिजेत. एकच काम चालू असेल आणि ते काम तुकडे न पाडता येणारे असेल, तर दुसरी रांग रिकामी राहते आणि कारकून पुन्हा घडी घालून बसतो.

क्लॉकविषयी आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. मुख्य मेमरीतून एखादी माहिती यायला समजा १०० नॅनोसेकंद लागतात असे धरले, तर १.६६ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या तेवढ्या वेळात १६६ टिका वाया जातात आणि १ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरच्या १००. मेमरीची वाट पाहण्यात जो काळ जातो तो घड्याळातला काळ असतो, आणि क्लॉक वाढवल्याने तो कमी होत नाही. त्यामुळे ज्या कामात मेमरीकडे वारंवार धाव घ्यावी लागते, तिथे ॲटमची आघाडी आपोआप आक्रसते. इथे बॉबकॅटची उगाच भलावण करण्याचेही कारण नाही. मुख्य मेमरीची अख्खी फेरी झाकून टाकण्याएवढी मोठी वही त्याच्याकडेही नाही. तो एल२ कॅशपर्यंतच्या लहान फेऱ्या बऱ्यापैकी लपवतो, एवढेच. शिवाय वीज वाचवण्यासाठी त्याची एल२ कॅश कोअरच्या निम्म्याच क्लॉकवर चालते, म्हणजे या लहान फेऱ्याही तशा सावकाशच होतात. एल१ कॅशमध्ये मात्र तो वरचढ आहे : माहितीसाठी बॉबकॅटकडे ३२ केबी आहे, बॉनेलकडे २४ केबी.

प्रत्यक्ष तपासणीसाठी मी एक सोपी युक्ती केली. एकाच एसएसडीवर एकदाच लिनक्स बसवले आणि तीच डिस्क व मेमरीचा तोच २ जीबीचा डीडीआर३ मॉड्यूल आलटून पालटून दोन्ही यंत्रांत घातला. त्यामुळे प्रोसेसर, चिपसेट आणि बॅटरी सोडली तर बाकी सर्व काही सारखे राहिले. आकड्यांचा तक्ता मी देणार नाही. एका माणसाने घरी दोन यंत्रांवर घेतलेल्या चाचणीचे सेकंद दुसऱ्याला काही उपयोगाचे नसतात, मात्र कोण कुठे पुढे गेला हे सांगण्यासारखे आहे.

एका थ्रेडची कामे, म्हणजे दाबून ठेवलेली मोठी फाइल उलगडणे, लहानसहान स्क्रिप्ट चालवणे, हजारो ओळींचे कोष्टक पुन्हा मोजायला लावणे, यांत दोघेही जवळजवळ बरोबरीत आले. कधी ॲटम थोडा पुढे, कधी सी-५०. फाटे जास्त फुटणाऱ्या, इकडून तिकडे उड्या मारणाऱ्या कामात सी-५० सरस ठरला. सरळ रेषेत चालणाऱ्या, तीच तीच आकडेमोड पुन्हा पुन्हा करणाऱ्या कामात ॲटम. साठ-सत्तर टक्के जास्त क्लॉक घेऊन शेवटी बरोबरी, हा इन-ऑर्डर रचनेने घेतलेला मोबदला म्हणायचा.

पण एक प्रोग्रॅम सोर्समधून कंपाइल करायला, म्हणजे लिहिलेल्या कोडपासून चालवण्याजोगा बनवायला, घेतला आणि कामाचे चार तुकडे एकदम सोडले, तेव्हा ॲटम स्पष्टपणे पुढे गेला. इथे त्याच्या चारही रांगा भरलेल्या होत्या. सी-५०च्या दोन कोअरना दोनच रांगा घेता येतात, आणि एक गिगाहर्ट्झवर त्या जेवढ्या सरकायच्या तेवढ्याच सरकतात. ज्याला अशीच कामे करायची आहेत त्याने सी-५० घेण्याचे काही कारण नाही, हे मला प्रामाणिकपणे नोंदवलेच पाहिजे. अशी कामे नेटबुकावर करणारे लोक किती असतील, हा वेगळा प्रश्न. जाता जाता, कंपायलरवाल्यांनी या दोन्ही कोअरची दखल घेतली होती : जीसीसी या कंपायलरच्या ४.५ आवृत्तीत ॲटमसाठी आणि ४.६ आवृत्तीत बॉबकॅटसाठी वेगळा पर्याय आला. इन-ऑर्डर कोअरला अशा मदतीची गरज जास्त असते, कारण सूचनांचा क्रम कंपायलरने आधीच नीट लावून दिला नाही तर तो स्वतः लावू शकत नाही. तयार पॅकेजे मात्र सर्वसाधारण प्रोसेसरसाठी बांधलेली असतात, त्यामुळे हा फायदा बहुतेकांच्या पदरात कधी पडलाच नाही.

आतापर्यंतच्या हिशेबात ॲटम मागे नव्हता. ग्राफिक्सकडे वळल्यावर चित्र पालटते. एन५७०मधले जीएमए ३१५० हे ग्राफिक्स २०० मेगाहर्ट्झवर चालते, डायरेक्टएक्स ९ पर्यंतच पोहोचते आणि व्हिडिओच्या बाबतीत एमपेग-२ पलीकडे त्याची मदत होत नाही. एमपेग-२ म्हणजे डीव्हीडीचे तंत्र. आणि नेटबुकाला डीव्हीडी ड्राइव्ह नसतो! २०११ साली नेटवरचा बहुतेक व्हिडिओ एच.२६४ मध्ये येत होता आणि तो उलगडण्याचा सगळा भार ॲटमच्या दोन कोअरवर पडत असे. सी-५०मधले रेडिऑन एचडी ६२५० हे २८० मेगाहर्ट्झवर चालते, त्यात चित्राची आकडेमोड करणारे ८० शेडर आहेत, ते डायरेक्टएक्स ११ जाणते, आणि त्यात यूव्हीडी३ नावाचा स्वतंत्र भाग आहे, ज्याचे कामच मुळी एच.२६४, व्हीसी-१, एमपेग-२ आणि डिव्हएक्स पद्धतीचा व्हिडिओ उलगडणे हे आहे.

याचा परिणाम नुसत्या वेगात दिसत नाही. ७२०पी चित्रपट दोन्ही यंत्रांवर पाहता येतो; चांगला प्लेअर असेल तर ॲटमही तो ओढून नेतो. पण ओढताना त्याचे दोन्ही कोअर घामाघूम झालेले असतात, पंखा वर जातो आणि बॅटरी भराभर उतरते. १०८०पी त्याच्या आवाक्याबाहेर आहे. सी-५०वर तोच चित्रपट यूव्हीडीकडे सोपवला की कोअर जवळजवळ मोकळे राहतात. ८.५ आणि ९ या दोन आकड्यांत अर्ध्या वॅटचा जो फरक कागदावर ॲटमच्या बाजूने दिसत होता, तो प्रत्यक्ष पाहण्याच्या दोन तासांत उलटा फिरतो. टीडीपी म्हणजे चिपला थंड ठेवण्यासाठी किती उष्णता बाहेर काढण्याची तयारी हवी याची मर्यादा. ते विजेचे बिल नव्हे. कमी टीडीपीची चिप सतत मर्यादेला टेकून चालली, तर ती जास्त टीडीपीच्या पण निवांत बसलेल्या चिपेपेक्षा अधिक खाणार, यात नवल नाही.

ॲटमची ही उणीव त्या काळात लपून राहिली नव्हती. एनव्हिडियाने आयन या नावाने ॲटमच्या जोडीला वेगळे ग्राफिक्स दिले, ब्रॉडकॉमने क्रिस्टल एचडी नावाचे केवळ व्हिडिओ उलगडणारे छोटे कार्ड काढले, आणि काही लोक नेटबुक उघडून, वायफाय कार्ड काढून त्या जागी ते बसवत. म्हणजे वायफाय गमावून चित्रपट कमवायचा. प्रोसेसरमध्ये जे असायला हवे होते ते वेगळ्या कार्डाने पुरवण्याचा हा द्राविडी प्राणायाम पाहिला की एएमडीने चिपवरची एवढी मोठी जागा ग्राफिक्सला का दिली असेल ते समजते. सी-५०ची चिप ७५ चौरस मिलिमीटरची आहे आणि एन५७०ची ८७ चौरस मिलिमीटरची. म्हणजे लहान जागेत हे सगळे बसवले गेले.

लिनक्सवर मात्र सी-५०च्या या गुणाचा उपयोग सुरुवातीला नीट करता येत नव्हता. यूव्हीडीसाठी मुक्त ड्रायव्हरमधला आधार एएमडीने एप्रिल २०१३मध्ये खुला केला, तोपर्यंत बंदिस्त ड्रायव्हरवर भिस्त ठेवावी लागे. जीएमए ३१५०चा ड्रायव्हर पहिल्यापासून खुला होता आणि जेवढे त्या चिपला येते तेवढे तो मुकाट करत असे. याचे मोल पुढच्या सीडर ट्रेल पिढीत कळले, जेव्हा इंटेलने ॲटममध्ये बाहेरून घेतलेले पॉवरव्हीआर ग्राफिक्स घातले आणि लिनक्स वापरणाऱ्यांची पुरती पंचाईत झाली.

आजच्या व्हिडिओचे काय, असा प्रश्न साहजिकच येतो. नेटवरचा व्हिडिओ आता मोठ्या प्रमाणावर व्हीपी९ आणि एव्ही१ या पद्धतींनी येतो आणि त्या दोन्ही या चिपांच्या जन्मानंतरच्या आहेत. यूव्हीडीला त्यांचे ओ की ठो कळत नाही. ब्राउझरला फक्त एच.२६४ मागायला लावणारे एक्स्टेन्शन घातले, किंवा व्हिडिओ ब्राउझरबाहेरच्या प्लेअरमध्ये उघडला, तर सी-५० अजून कामाला येतो. ॲटमला ही पळवाटही फारशी उपयोगी पडत नाही, त्याला एच.२६४ हे व्हीपी९पेक्षा थोडे हलके ओझे, इतकाच फरक.

मेमरीच्या बाबतीत इंटेलने जी मर्यादा घातली ती मला आजही खटकते. एन५७० जास्तीत जास्त २ जीबी मेमरी ओळखतो. प्रोसेसर ६४ बिटचा आहे, पण ६४ बिटचा फायदा घ्यावा एवढी मेमरीच त्याला लावता येत नाही. शिवाय तो मेमरी ६६७च्या वेगाने चालवतो आणि सी-५० १०६६च्या. दोघांकडेही एकच चॅनल असल्यामुळे कागदावरची कमाल क्षमता अनुक्रमे सेकंदाला सुमारे ५.३ जीबी आणि ८.५ जीबी निघते. गंमत म्हणजे माझा १०६६चा मॉड्यूल ॲटमच्या यंत्रात गेला की गुपचूप ६६७ वर उतरतो. माझ्या सी-५०च्या यंत्रात ४ जीबीचा मॉड्यूल विनातक्रार चालतो. आजच्या ब्राउझरसाठी २ आणि ४ जीबीमधले अंतर हे कोअरच्या रचनेतल्या सगळ्या बारकाव्यांपेक्षा मोठे आहे, हे मान्य करायला मला थोडा वेळ लागला, कारण बारकावे जास्त रंजक असतात. २ जीबी भरले की यंत्र डिस्कवर मेमरीची अदलाबदल सुरू करते, आणि मग कारकून कोणत्या पद्धतीचा आहे याला काही अर्थ उरत नाही.

त्या काळातल्या अनेक नेटबुकांबरोबर विंडोज ७ स्टार्टर येत असे. त्याचीही मर्यादा २ जीबीच होती, ते ३२ बिटचेच मिळे आणि त्यात डेस्कटॉपचे चित्र बदलण्याचीही मुभा नव्हती. ते मी दोन्ही यंत्रांवरून पहिल्याच महिन्यात पुसून टाकले होते, म्हणून त्याविषयी अधिक लिहीत नाही.

जुनेपणाचा खरा त्रास वेगात नसून सूचनासंचात, म्हणजे प्रोसेसरला कळणाऱ्या सूचनांच्या यादीत, आहे. या यादीत वेळोवेळी पडलेल्या भरींपैकी दोन्ही प्रोसेसर एसएसएसई३ पर्यंत पोहोचतात, एसएसई४.२ दोघांकडेही नाही. बॉबकॅटकडे एसएसई४ए आहे, पण नाव सारखे असले तरी ते इंटेलच्या एसएसई४.१ किंवा ४.२ चे नातेवाईक नव्हेत. परिणामी ज्या प्रणाली एक्स८६-६४-व्ही२ हा किमान दर्जा मागतात, त्या दोघांनाही दारातूनच परत पाठवतात. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या ९व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२पासून, हेच झाले. विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीलाही एसएसई४.२ लागते, अर्थात विंडोज ११ इथे चालवण्याचा विचार कोणी करत असेल असे वाटत नाही. डेबियन मात्र ६४ बिटच्या मूळ दर्जावरच बांधले जाते, म्हणून दोन्ही यंत्रांवर ते सुखाने चालते. इथे एन५७० हा ६४ बिटचा आहे ही गोष्ट अखेर उपयोगी पडली : एन२७० निव्वळ ३२ बिटचा होता, आणि डेबियनच्या १३व्या आवृत्तीत ३२ बिटच्या यंत्रांवर नव्याने बसवण्याची सोयच काढून टाकली गेली.

सुरक्षेच्या बाबतीत एक उलटा योगायोग घडलेला आहे. जानेवारी २०१८मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या त्रुटी जाहीर झाल्या. दोन्हींचे मूळ पुढे काय लागेल याचा अंदाज बांधून सूचना आधीच उरकण्याच्या सवयीत आहे. बॉनेल कोअर तशा अर्थाने आधी काही उरकतच नाही, त्यामुळे लिनक्स कर्नल (लिनक्सचा गाभा) त्याला या त्रुटींपासून मुक्त मानतो. बॉबकॅट मेल्टडाउनमधून सुटला, पण स्पेक्टरमधून नाही, आणि त्यावरच्या उपायांचा थोडा भार त्याला वाहावा लागतो. ज्या आळशीपणाबद्दल ॲटमला दहा वर्षे नावे ठेवली गेली, तोच त्याला इथे तारून गेला. कर्नलच्या व्हल्नरेबिलिटीज या फोल्डरमधल्या फाइली दोन्ही यंत्रांवर वाचून पाहाव्यात. एकीकडे ‘बाधित नाही’ची रांग लागलेली दिसते, दुसरीकडे उपायांची नावे.

डिस्क कूटबद्ध करून ठेवणाऱ्यांसाठी एक सूचना. एईएसच्या खास सूचना या दोघांपैकी कोणाकडेच नाहीत, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीने कूटबद्ध केलेली डिस्क दोन्हीकडे जडच वाटते. गूगलने अशाच हलक्या यंत्रांसाठी २०१९मध्ये पुढे आणलेली ॲडियान्टम ही पद्धत लिनक्स कर्नलच्या ५.० आवृत्तीपासून उपलब्ध आहे, आणि ती वापरल्यावर दोन्ही यंत्रे वापरण्याजोगी झाली. आभासी यंत्रे चालवायची असतील तर सी-५०मध्ये त्यासाठीचा हार्डवेअर आधार आहे, एन५७०मध्ये नाही. १ गिगाहर्ट्झवर आभासी यंत्र चालवण्याची हौस कोणाला असेलच, तर ती निदान भागवता येते.

उष्णतेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. दोन्ही यंत्रांना लहानसा पंखा आहे. धूळ साफ करून, सुकून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट बदलल्यावर दोघांचाही आवाज निम्म्यावर आला. प्रोसेसरची तुलना करायला बसण्याआधी हे काम करावे, नाहीतर आपण दोन प्रोसेसरांची नव्हे, तर दोन यंत्रांत साठलेल्या धुळीची तुलना करत राहतो. माझ्या पहिल्या दोन दिवसांच्या नोंदी याच कारणाने फाडून टाकाव्या लागल्या.

एसएसडीचा निर्णय करताना चिपसेटही पाहिला. ॲटमसोबतचा एनएम१० हा साटाच्या, म्हणजे डिस्क जोडण्याच्या वाहिनीच्या, ३ गिगाबिटवर थांबतो; सी-५०सोबतचा ए५०एम ६ गिगाबिटपर्यंत जातो. दैनंदिन वापरात हा फरक जाणवला असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही, कारण डिस्ककडून माहिती कितीही वेगाने आली तरी ती पुढे घेणारे कोअर हेच आहेत.

शेवटी एसएसडी आणि ४ जीबीचा मॉड्यूल सी-५०च्या यंत्रात गेला. वाचन, साठवलेले चित्रपट, छायाचित्रे पाहणे आणि एकावेळी तीन-चार टॅब एवढ्यासाठी ते आता वापरात आहे. ॲटमला त्याची जुनी फिरती हार्ड डिस्क परत मिळाली. त्याच्यावर ग्राफिक्सचा डेस्कटॉपच ठेवलेला नाही. काळ्या पडद्यावर नुसता मजकूर, एक संपादक आणि रात्री लावून ठेवायची कंपाइलची कामे, जिथे त्याच्या चारही रांगा भरलेल्या असतात. हा लेख त्याच्यावरच लिहिला आहे, आणि लिहिताना एकदाही मला त्याचा क्लॉक कमी वाटला नाही.